नानांची नंबरवही

आमचे बडगुजर नाना माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, आतल्या लोखंडावरून ओळखतात. भाजीबाजारात एखादा गृहस्थ लांबून हात करतो, "काय नाना, ओळखलं का?" नाना त्याच्या तोंडाकडे बघतच नाहीत. त्याला चार पावलं चालायला लावतात, मान तिरकी करून पायाकडे बघतात आणि म्हणतात, "उजवा गुडघा. शेवटी चारशे एकोणीस. बरोबर?" त्या गृहस्थाला स्वतःचा मोबाईल नंबर धड सांगता येत नाही, गुडघ्याचा कुठून येणार? तो "हो हो" म्हणतो आणि मेथीची जुडी काखेत मारून सटकतो.

जळगावात आमचं हाडांचं हॉस्पिटल आहे. नाना तिथे स्टोअर सांभाळतात आणि मी एक्स-रे काढतो. म्हणजे आम्ही दोघंही माणसाच्या आतलंच बघतो, पण मला नुसता पांढरा आकार दिसतो. नानांना त्याचा आकडा हवा असतो. नाना मूळचे पारोळ्याकडचे. ऑफिसात साधी मराठी बोलतात, पण एक प्रश्न मात्र दिवसातून पन्नास वेळा घरच्या बोलीत येतो, "नंबर काय शे?"

आता लोखंडाला कसला आलाय नंबर, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण शरीरात बसवायचा सांधा असो, पट्टी असो की सळई, तिच्या डब्यावर ठिपक्याठिपक्यांचा एक चौकोन असतो आणि त्याखाली लांबलचक आकडा. वस्तू कुठल्या कारखान्यात झाली, कधी झाली, कुठल्या लॉटमधली, सगळं त्या आकड्यात. लॉट म्हणजे काय, हे नाना नव्या सिस्टरांना भज्यांवरून समजावतात. "एका घाण्यात पंचवीस भजी निघतात ना? त्या घाण्यात मीठ जास्त झालं, तर कुणाकुणाच्या ताटात ती गेली ते कळायला नको?" सिस्टर हसतात. मीही हसायचो.

प्रत्येक डब्यात तोच आकडा छापलेली चार-पाच स्टिकरं येतात. एक केसपेपरवर, एक कंपनीला, बाकीची कचऱ्याच्या डब्यात. नाना ती कचऱ्यातून उचलून आणतात. त्यांच्याकडे रेक्झिनच्या कव्हरच्या अकरा जाड वह्या आहेत. एका ओळीत स्टिकर, नाव, गाव, कुठला पाय, स्वतःचा फोन आणि शेजाऱ्याचा फोन. शेजाऱ्याचा कशाला, असं मी एकदा विचारलं. नाना म्हणाले, "पोरं सिम बदलतात रे. शेजारी तिथेच असतो."

आमच्या कॉम्प्युटरमध्ये एवढं काही नाही. त्यात 'हिप, एक नग' इतकंच पडतं, कारण प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोराने तेवढीच जागा ठेवलीय. तो चौकोन वाचायला पिस्तुलासारखं एक स्कॅनरही आलं होतं. महिनाभर ते नानांच्या टेबलावर होतं, मग खालच्या मेडिकलवाल्याने बिस्किटांच्या पुड्यांसाठी नेलं ते नेलंच. नाना दर सोमवारी ते परत मागायला जातात आणि बिस्किटाचा पुडा घेऊन परत येतात.

पेशंटला ते स्वतः एक कार्ड करून देतात. स्टिकर लावलेलं, लॅमिनेशन केलेलं. "रेशन कार्डाजवळ ठेवा," असं प्रत्येकाला बजावतात. चोपड्याकडच्या एका आबांनी ते देव्हाऱ्यात ठेवलं. वर्षभराने तपासणीला आले तेव्हा त्या ठिपक्यांच्या चौकोनावर हळदीकुंकवाचा इतका थर होता की आकडा गायब. आम्हाला वाटलं, आता नाना भडकणार. नानांनी वहीतून आकडा काढून नवं कार्ड केलं आणि म्हणाले, "आबा, पूजा मागच्या बाजूने करा."

घरीदारी तेच. लग्नाच्या पंगतीतून उठून ते आचाऱ्याच्या गॅस सिलिंडरवरची तपासणीची तारीख वाचून येतात. भाचीच्या साखरपुड्यात त्यांनी नवऱ्या मुलाचा मोबाईल मागून घेतला आणि त्याचा पंधरा आकडी नंबर खिशातल्या चिठ्ठीवर उतरवला. मुलाकडचे लोक अजून विचारतात, ते नाना आधी पोलिसात होते का. राहायला मेहरूणला आहेत. सकाळी तलावाच्या कडेला बाकावर बसून फिरायला आलेल्यांच्या चाली बघतात. कुणी लंगडत गेलं की पुटपुटतात, "डावा खुबा. आपला नाही." बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी सुरतला, रविवारी फोन करते. बाकीचे सहा दिवस नाना आणि त्या अकरा वह्या.

मी त्यांची फार टिंगल केली. त्यांची नक्कल करून चहाच्या वेळी सगळ्यांना हसवायचो. हे आधीच कबूल करतो, कारण पुढचं सांगणं मला जड जाणार आहे.

दोन वर्षांपूर्वी नानांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या हॉस्पिटलात. ट्रॉलीवर आडवे पडल्यावर त्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांचा हात धरला आणि पोटात बसवायच्या जाळीचा डबा दाखवा म्हणून हटून बसले. डबा आला, आकडा वाचला, मगच डोळे मिटले. तिथल्या लोकांनी हा किस्सा आमच्याकडे पोचवला आणि आम्ही पोट धरून हसलो. नानांना आठ दिवस घरी झोपून राहायचं होतं. त्या आठ दिवसांसाठी त्यांनी वही माझ्याकडे दिली होती.

"फक्त चिकटवायचं, किशोर. अक्कल लावू नको, फक्त चिकटव."

रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. "चिकटवलं का?"

"हो नाना."

त्यातल्या एका दिवशी खुब्याच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या. दोन म्हाताऱ्या बायका, दोघींचाही डावा पाय. लीलाबाई रावेरकडच्या केळीवाल्या घरातल्या आणि सुमनबाई धुळ्याच्या, देवपूरच्या. दोन डबे, दोन वेगळे लॉट. दोन्हींची स्टिकरं मी अॅप्रनच्या खिशात टाकली आणि विसरलो. अॅप्रन धुवायला गेला. परत आला तेव्हा खिशात कागदाचा लगदा होता, त्यातलं एक स्टिकर कसंबसं वाचता येत होतं. केसपेपर सरकारी योजनेच्या फाइलीबरोबर बाहेर गेले होते. माल आणणाऱ्याच्या चलनावर दोन्ही आकडे होते, पण कुठला कुणाच्या पायात गेला ते चलनावर नसतं.

ऑपरेशन करणाऱ्यांना विचारता आलं असतं. फाइल मागवता आली असती. मी काय केलं, तर वाचता येणारं स्टिकर लीलाबाईंच्या नावापुढे चिकटवलं आणि सुमनबाईंच्या नावापुढे दुसरा आकडा पेनाने लिहिला. शेजाऱ्याच्या फोनचा रकाना मोकळा सोडला. मनात म्हटलं, दोघींनाही डावाच खुबा बसलाय, अदलाबदल झाली तरी काय बिघडतं?

नाना कामावर आले, वही उघडली. "सुमनबाईचं स्टिकर?"

"फाटलं नाना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्यांना कुणी आकडा खोटा लिहील, हे सुचणंच शक्य नव्हतं.

मध्यंतरी सुमनबाई दोनदा एक्स-रेला आल्या होत्या. टेबलावर पाय सरळ करताना म्हणाल्या होत्या, "भाऊ, आतून कुरकुर वाजस." फोटोत मला काही वावगं दिसलं नाही. मी म्हटलं, "आजी, तेल लावत जा." त्याही हसल्या.

गेल्या महिन्यात कंपनीचं पत्र आलं. अमुक लॉटमधल्या खुब्यांचा गोळा आणि दांडी यांच्यामधली जोडणी सैल होतेय, पेशंट शोधा, पायावर भार देऊ देऊ नका, तपासा, लागलं तर बदला. त्या लॉटचे चार नग आमच्याकडे आले होते. मोठे डॉक्टर कॉम्प्युटरपुढे बसले. 'हिप, एक नग. हिप, एक नग.' शेकड्याने. शेवटी त्यांनी नानांना बोलावलं. नाना वह्या घेऊन आले आणि चहा निवायच्या आत चारही नावं काढून दिली. वर म्हणाले, "बठ्ठं लिखेल शे, साहेब." त्या दिवशी सगळ्या हॉस्पिटलने नानांना मान दिला. मेडिकलवाला स्कॅनर स्वतः वर आणून ठेवून गेला.

चौथं नाव लीलाबाईंचं होतं.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. आळस होता, भीती होती, नोकरी होती. शिवाय मनाची समजूत घातली, निम्मी शक्यता बरोबर असण्याचीही आहेच की. लीलाबाईंना गाडीत घालून आणलं. मी फोटो काढला. असा घट्ट बसलेला सांधा मी वर्षभरात पाहिला नव्हता. तरी डॉक्टर म्हणाले, पत्रात आहे म्हणजे धोका आहे, बदलून टाकू. लीलाबाई ओरडत होत्या, "मले काहीच नाही होत, कायले भेव दाखवता?" तीन आठवडे ती धडधाकट बाई पलंगावर पडून होती. केळीच्या बागेत फेऱ्या मारणारी बाई, तिला बाथरूमलाही दोघींनी धरून न्यायचं. मी रोज त्या वॉर्डावरून जायचो आणि मान वळवायचो.

ऑपरेशन गुरुवारी ठरलं. मंगळवारी संध्याकाळी मी स्टोअरमध्ये गेलो आणि नानांना सगळं सांगितलं. अॅप्रन, लगदा, चलन, सगळं.

ते ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी वही काढली, ते पान उघडलं आणि माझ्या अक्षरातल्या त्या आकड्यावर बराच वेळ बोट ठेवून बसले. मग डॉक्टरांकडे गेले आणि नंबराबद्दल शंका आहे एवढंच म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत पुरावा आणा, नाहीतर ठरलंय ते करू." योजनेची फाइल मागवून यायला आठवडा गेला असता आणि सुमनबाईंचा फोन बंद लागत होता. शेजाऱ्याचा रकाना मोकळा होता. नाना म्हणाले, "सकाळच्या गाडीने धुळ्याला जायचं."

देवपुरात पत्ता विचारत पोचलो तर घरापुढे सतरंजी अंथरलेली. सात-आठ माणसं खाली मान घालून बसलेली. आमच्याकडे माणूस गेलं की लोक असे दारावर बसायला येतात. एका म्हाताऱ्याने जागा करून दिली. "या भाऊ, बठा. पानी ल्या." आम्ही बसलो. पाणी घेतलं. कुणाच्या दारावर बसलोय ते आम्हाला कळलं होतं आणि विचारायची हिंमत होत नव्हती. म्हातारा स्वतःच म्हणाला, "सुमनबाई भलती गुणी बाई व्हती."

जरा वेळाने तिचा मुलगा जवळ आला. भटू त्याचं नाव, माझ्याच वयाचा. कुठून आलात, त्याने विचारलं. नाना गोंधळले. असं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ठरवून आणलेलं वाक्यच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं, "जळगावच्या हॉस्पिटलातून. कंपनीने काही सांधे तपासायला सांगितलेत. आईंचा नंबर बघायचा होता."

भटू आमच्यासमोर उकिडवा बसला. मग सांगायला लागला. पंधरा दिवसांपूर्वी ओट्यावरून उतरताना आईचा पाय एकदम निसटला, ती पडली. मग उठलीच नाही. छातीत कफ साठला आणि शनिवारी गेली. "दोन वर्षं म्हणत होती, आतून वाजतं. मी म्हणायचो, माय, तुझ्या मनात वाजतं. बायकोसमोर म्हणायचो. त्या दिवशीसुद्धा पडली तेव्हा पहिल्यांदा मी ओरडलोच, नाटकं पुरे म्हणून."

मी मनात हिशेब करत होतो. पंधरा दिवसांपूर्वी. पत्र येऊन तेव्हा आठवडा झाला होता. माझ्या हातून वही नीट लिहिली गेली असती, नाहीतर पहिल्या दिवशी तोंड उघडलं असतं, तर ही बाई पलंगावर आरामात पडून आम्हाला शिव्या देत असती. मी म्हटलं, "भटूभाऊ..." नानांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला.

भटू उठून कंपाउंडच्या भिंतीकडे गेला. कुंडीमागे एक कापडी पिशवी ठेवलेली होती. "राख सावडताना हे निघालं. अस्थी सोडल्या, हे मात्र पाण्यात सोडवेना. घरातही आणता येत नाही. ह्याच्यावर आहे का तुमचा नंबर?"

काळवंडलेला गोळा, काळवंडलेली दांडी. दोन वेगळ्या झालेल्या. नानांनी रुमालाने दांडीची मान पुसली, चष्मा कपाळावर घेतला आणि ती डोळ्याजवळ धरली. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होतो. आकडा बारीक होता पण स्वच्छ होता. पत्रातलाच लॉट.

भटू म्हणाला, "काका, खरं सांगा. ती खरंच सांगत होती का?"

नानांनी ती वस्तू खाली ठेवली नाही. उन्हाकडे धरून पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "नाही बाबा. हा तो नंबर नाही. सांधा चांगला होता. वयाने तोल जातो. तू काही चुकला नाहीस."

भटू भिंतीला धरून रडायला लागला. आतून बायका आल्या, त्याला घेऊन गेल्या. जाताना त्याने नानांच्या पायांना हात लावला. नानांनी ती पिशवी मागून घेतली.

कोपऱ्यावर येईपर्यंत नाना ताठ चालले. मग एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि डॉक्टरांना फोन लावला. खणखणीत आवाजात पूर्ण आकडा सांगितला. "पत्रातला आहे. सुमनबाई गेल्या. लीलाबाईंचा चांगला आहे, उद्याचं थांबवा, त्यांना आजच चालू द्या." फोन ठेवला आणि उठायला लागले, तर सुटलेल्या चपलेत पाय जाईना. मी खाली बसून चप्पल सरकवली.

परतीच्या गाडीत पिशवी त्यांच्या मांडीवर होती. मी म्हटलं, "नाना, त्याला खरं कळायला हवं. कंपनीकडून काही मिळायचं असेल ते मिळेल. आणि चूक माझी आहे, त्याची नाही."

"कळेल ना. मी काय ते गिळून बसणार आहे का? पण आज नाही रे. दारावर माणसं बसलीत, डोक्यावर आई गेल्याचं ओझं आहे. आज ते कानात पडलं तर जन्मभर तेवढंच वाजत राहील. तेराव्याची गंधमुक्ती होऊ दे. तेरा दिवस तरी त्याला नुसतं रडू दे."

"मग?"

"मग तू सांगशील. सगळं. अॅप्रनपासून."

"तो मला मारेल नाना."

"मारू दे. मी शेजारी बसेन." मग पारोळा येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. एकदाच म्हणाले, "मीसुद्धा खोटं बोललोय. माझंही ऐकून घेईल तो."

हे झालं गेल्या बुधवारी. लीलाबाई शुक्रवारी घरी गेल्या, वॉर्डातल्या सगळ्यांना केळी वाटून, मला सोडून. आज सोमवार. सुमनबाईंची गंधमुक्ती गुरुवारी आहे. शुक्रवारी सकाळच्या गाडीचं आरक्षण नानांनी करून ठेवलंय. जळगावहून धुळ्याला जायला आरक्षण कुणी करत नाही, तिकीट खिडकीवरचा माणूसही हसला म्हणे. आत्ता थोड्या वेळापूर्वी दोन्ही तिकिटं त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवली. सीट शेजारीशेजारी आहेत. खिडकीची माझी आहे.